विश्लेषण : आइन्स्टाइनना डावलून नोबेल मिळालेला ‘न वाढणारा’ धातू… इन्व्हारचे जनक शार्ल गियोम कोण होते?

१९२० सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेलसाठी अल्बर्ट आइन्स्टाइन यांचे नाव पुढे होते. आदल्याच वर्षी सूर्यग्रहणाच्या निरीक्षणांमुळे त्यांचा सापेक्षता सिद्धांत जगभर गाजला होता. पुरस्कार मात्र मिळाला पॅरिसजवळच्या एका मापन संस्थेच्या संचालकाला. शार्ल-एदुआर गियोम हे त्यांचे नाव आणि त्यांनी शोधलेला लोखंड-निकेलचा मिश्रधातू म्हणजे इन्व्हार. तापमान वाढले तरी तो जवळपास वाढतच नाही. घड्याळाच्या लंबकापासून द्रवरूप वायू वाहणाऱ्या जहाजांपर्यंत आजही वापरात असलेल्या या धातूची आणि तो शोधणाऱ्या शास्त्रज्ञाची ही कहाणी.

गियोम यांची पार्श्वभूमी काय?

गियोम यांचा जन्म १५ फेब्रुवारी १८६१ रोजी स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल प्रांतातल्या फ्लरिए या गावी झाला. हा सारा परिसर घड्याळांच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध. त्यांचे आजोबा राजकीय कारणांमुळे फ्रान्स सोडून लंडनला गेले आणि तेथे त्यांनी घड्याळांचा व्यवसाय उभा केला. पुढे वडील स्वित्झर्लंडला परतले आणि फ्लरिएत घड्याळजी म्हणून स्थिरावले. वडिलांना विज्ञानाची चांगली जाण होती आणि मुलाचे सुरुवातीचे शिक्षण त्यांच्याच देखरेखीखाली झाले. उन्हाळ्यात घड्याळ मागे का पडते आणि थंडीत पुढे का जाते, हा त्या घरात रोजच्या धंद्याचा प्रश्न होता. त्याचे उत्तर पुढे याच घरातल्या मुलाने दिले.

वयाच्या सतराव्या वर्षी गियोम झ्युरिचच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाले. काही वर्षांनी आइन्स्टाइनही याच संस्थेत शिकले. विद्युत धारित्रावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवल्यानंतर गियोम यांनी काही काळ तोफखान्यात अधिकारी म्हणून काम केले. १८८३ मध्ये ते आंतरराष्ट्रीय वजन-माप संस्थेत साहाय्यक म्हणून रुजू झाले. तेथून ते निवृत्त झाले ते थेट १९३६ मध्ये, म्हणजे तब्बल ५३ वर्षांनी. आयुष्यभरात त्यांनी नोकरी बदलली नाही.

ही संस्था कशासाठी होती?

२० मे १८७५ रोजी १७ देशांनी पॅरिसमध्ये ‘मीटर करारा’वर सह्या केल्या. सर्व देशांचा मीटर आणि किलोग्रॅम एकच असावा, यासाठी पॅरिसच्या वेशीवरील सेव्र येथे ही संस्था उभारण्यात आली. प्लॅटिनम ९० टक्के आणि इरिडियम १० टक्के अशा मिश्रधातूची पट्टी हा जगाचा प्रमाण मीटर ठरला. १८८९ मध्ये त्याच्या प्रतींचे सदस्य देशांत वाटप झाले.

तरुण गियोम यांच्या वाट्याला आलेले काम बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणे वाटेल असे होते. ते होते पारा असलेल्या तापमापकांच्या चुका शोधण्याचे. पण त्याशिवाय मीटरला अर्थच नव्हता. कारण धातूची पट्टी तापमानानुसार लांब-आखूड होते. एक मीटर लांबीची पोलादी पट्टी एका अंशाने तापली की सुमारे ११ ते १२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून थोडी जास्त वाढते. पितळेची पट्टी सुमारे १८ ते १९, तर प्लॅटिनम-इरिडियमची ९ मायक्रॉनच्या आसपास वाढते. त्यामुळे लांबी अचूक मोजायची तर आधी तापमान अचूक मोजता यायला हवे. १८८९ मध्ये गियोम यांनी तापमापनावर लिहिलेला ग्रंथ या क्षेत्रात प्रमाण मानला गेला.

लिटरचा एक जुना घोळही याच संस्थेत उघड झाला आणि त्या कामात गियोम यांचा वाटा होता. एक किलो पाण्याचे आकारमान म्हणजे नेमके एक हजार घन सेंटिमीटर, असे समजले जाई. प्रत्यक्षात ते १०००.०२८ घन सेंटिमीटर भरले. फरक नगण्य वाटतो, पण तो इतक्या खात्रीने सांगता येणे हीच या संस्थेची कमाई होती.

इन्व्हारचा शोध कसा लागला?

शोधामागचे कारण होते पैसा. प्लॅटिनम-इरिडियमची पट्टी इतकी महाग होती की प्रत्येक प्रयोगशाळेला, सर्वेक्षण खात्याला किंवा कारखान्याला ती घेणे शक्यच नव्हते. दुसरीकडे पितळ किंवा पोलादाच्या पट्ट्या अचूक कामासाठी भरवशाच्या नव्हत्या. स्वस्त, न गंजणारा आणि आकार टिकवणारा धातू गियोम शोधत होते. १८९१ च्या सुमारास त्यांनी शुद्ध निकेल तपासले. ते बऱ्यापैकी योग्य होते, पण सर्वेक्षणाला लागणारी लांब, निर्दोष पट्टी त्यापासून बनवणे कारखान्यांना जमेना.

१८९५ मध्ये संस्थेचे संचालक बन्वा यांच्याकडे निकेल-पोलादाची एक पट्टी तपासणीसाठी आली. तिच्यात सुमारे २२ टक्के निकेल आणि थोडे क्रोमियम होते. तिचे प्रसरण पोलादाइतके असायला हवे होते, ते निघाले जवळजवळ पितळेइतके. लोखंड आणि निकेल या दोघांपेक्षाही त्यांचे मिश्रण जास्त प्रसरण पावत होते. मिश्रणाचा गुणधर्म त्यातील घटकांच्या दरम्यान कुठेतरी असावा, या समजाला हा धक्का होता. पुढच्या वर्षी, १८९६ मध्ये, ३० टक्के निकेल असलेली एक पट्टी आली आणि तिने नेमके उलटे केले. तिचे प्रसरण प्लॅटिनमपेक्षाही सुमारे एक तृतीयांशाने कमी भरले.

दुसऱ्या एखाद्याने हे नमुने सदोष म्हणून बाजूला ठेवले असते. गियोम यांनी मात्र त्या दोन टोकांच्या मध्ये आणि पलीकडे काय आहे, हे क्रमाक्रमाने तपासायचे ठरवले. त्यासाठी निकेलचे प्रमाण थोडे-थोडे बदलत ओतलेले अनेक नमुने हवे होते आणि संस्थेकडे तेवढा निधी नव्हता. मदतीला आला मध्य फ्रान्समधील अँफी येथील पोलाद कारखाना. कोमाँत्री-फूरशाँबो या कंपनीच्या या कारखान्याने गियोम यांना हवे तसे मिश्रधातू बनवून दिले. या कंपनीचे प्रमुख होते हेन्री फेयॉल. आपल्याकडे बारावी वाणिज्यच्या विद्यार्थ्यांना व्यवस्थापनाच्या १४ तत्त्वांमुळे परिचित असलेले तेच हे फेयॉल!

मोजमापांचा आलेख काढल्यावर चित्र स्पष्ट झाले. निकेल वाढत जाते तसे प्रसरण आधी वाढते, मग झपाट्याने घसरते आणि निकेल ३६ टक्क्यांच्या जवळ असताना तळ गाठते. तेथे एक मीटरची पट्टी एका अंशाला जेमतेम १.२ मायक्रॉन, म्हणजे पोलादाच्या दहाव्या हिश्श्याइतकी वाढते. निकेल त्याहून वाढवले की प्रसरण पुन्हा वाढू लागते. ‘न बदलणारा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून या मिश्रधातूला ‘इन्व्हार’ हे नाव मिळाले.

तो प्रसरण का पावत नाही?

धातू तापतो तेव्हा त्यातील अणू जास्त जोराने कंप पावतात आणि एकमेकांपासून थोडे दूर सरकतात. इन्व्हारमध्येही हे घडतेच. मात्र त्याच वेळी दुसरी एक क्रिया उलट्या दिशेने चालू असते. इन्व्हार चुंबकीय आहे. त्यातील लोहाच्या अणूंचे चुंबकत्व एका दिशेत असते तेव्हा ते अणूंना किंचित अधिक जागा घ्यायला लावते. तापमान वाढते तशी ही शिस्त मोडते, चुंबकत्व क्षीण होते आणि अणू थोडे जवळ येतात. कंपनांमुळे जेवढी वाढ होते, जवळपास तेवढीच घट चुंबकत्व कमी झाल्याने होते. दोन्हींची वजाबाकी शून्याच्या आसपास येते.

म्हणूनच इन्व्हारची जादू ठरावीक मर्यादेतच चालते. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे चुंबकत्व ओसरत जाते, भरपाई करणारी बाजू लंगडी पडते आणि इन्व्हार इतर धातूंसारखाच प्रसरण पावू लागतो. या वर्तनाचा चुंबकत्वाशी संबंध असल्याचे गियोम यांच्याही लक्षात आले होते. पण ते नीट समजावणारा क्वांटम सिद्धांत तेव्हा जन्माला यायचा होता. पुढे अनेक दशके यावर वेगवेगळे सिद्धांत मांडले गेले. २०२३ मध्ये कॅलटेकच्या संशोधकांनी हिऱ्यांच्या दोन टोकांमध्ये इन्व्हारचा सूक्ष्म तुकडा दाबून क्ष-किरणांच्या साहाय्याने कंपनांचा आणि चुंबकत्वाचा वाटा वेगवेगळा मोजला. दोन्ही एकमेकांना छेद देतात, हे त्यातून थेट दिसले. म्हणजे गियोम यांनी मोजलेल्या गोष्टीचा हिशेब पूर्ण व्हायला सव्वाशे वर्षे लागली.

भूमापनात काय बदलले?

देशाचा नकाशा बनवताना आधी जमिनीवर एक सरळ ‘आधाररेषा’ प्रत्यक्ष मोजावी लागे. बाकीची अंतरे त्रिकोणांच्या गणिताने काढली जात. त्यामुळे आधाररेषेत चूक झाली की सगळा नकाशा चुकणार. भारताच्या महा त्रिकोणमितीय सर्वेक्षणात जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या काळात कोलकाता, डेहराडून, सिरोंज, बिदर येथील आधाररेषा मोजण्यासाठी कोल्बी यांनी तयार केलेल्या दहा फुटी जोडपट्ट्या वापरल्या गेल्या. लोखंड आणि पितळ यांच्या पट्ट्या अशा जोडलेल्या असत की एकीचे जास्तीचे प्रसरण दुसरीच्या मदतीने रद्द व्हावे. या जड पट्ट्या उन्हापासून वाचवण्यासाठी तंबू, त्या उचलायला माणसांचा ताफा आणि दहा-बारा किलोमीटरच्या रेषेसाठी कित्येक आठवडे, असा तो खटाटोप असे.

स्वीडनचे येदेरिन यांनी जड पट्ट्यांऐवजी ताणलेल्या तारांनी मोजण्याची पद्धत काढली होती. पण तारेचे तापमान उन्हात नेमके किती, हे कळणे कठीण. इन्व्हारच्या तारेने ही अडचणच निकालात काढली. २४ मीटरची पोलादी तार दहा अंशांनी तापली तर जवळपास पावणेतीन मिलिमीटर वाढते. इन्व्हारची तार वाढते मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहूनही कमी. त्यामुळे तंबूंची गरज उरली नाही. गियोम आणि बन्वा यांनी या तारांची पद्धत बारकाईने विकसित केली. १९०६ मध्ये आल्प्सखालच्या सिम्प्लॉन बोगद्यात सुमारे २० किलोमीटरची रेषा मोजक्या दिवसांत मोजून झाली. पूर्वी याला महिने लागले असते.

गियोम यांनी आयफेल टॉवरही सोडला नाही. जमिनीपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत, म्हणजे सुमारे ११५ मीटर उंचीपर्यंत त्यांनी इन्व्हारची तार ताणली. टॉवर लोखंडी असल्याने ऊन चढले की एका अंशाला मिलिमीटरहून अधिक वाढणार आणि तार जवळपास तेवढीच राहणार. दोन्हींतला फरक नोंदवत टॉवरचे दिवसभरातले वर-खाली होणे त्यांनी कागदावर उतरवले.

घड्याळांना काय फायदा झाला?

लंबक लांबला की घड्याळ मागे पडते. पोलादी लंबकाचे घड्याळ तापमान एका अंशाने वाढल्यास दिवसाला सुमारे अर्धा सेकंद मागे पडते. इन्व्हारच्या लंबकात हीच चूक दहा अंशांच्या फरकाला होते. म्युनिकच्या रीफ्लर यांनी लगेचच इन्व्हारचे लंबक वापरायला सुरुवात केली. १९२० च्या दशकात जगभरच्या वेधशाळांनी घेतलेल्या शॉर्ट घड्याळाचा लंबकही इन्व्हारचाच होता. त्या घड्याळाची चूक वर्षाला सुमारे एका सेकंदाची असे.

खिशातल्या आणि जहाजावरच्या घड्याळांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. त्यांत लंबक नसतो. त्याऐवजी एक चाक आणि त्याला मागे-पुढे फिरवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग असते. उष्णतेने ही स्प्रिंग लुळी पडते. पितळ आणि पोलाद यांच्या जोडीचे चाक वापरून ही चूक दोन ठरावीक तापमानांना दुरुस्त करता येई, पण मधल्या तापमानांत दिवसाला काही सेकंदांची तफावत उरे. पोलादाच्या जागी योग्य निवडलेले निकेल-पोलाद घेतले तर ही उरलेली चूकही जवळजवळ नाहीशी होईल, हे गियोम यांनी गणिताने दाखवले. १८९९ च्या सुमारास आलेले ‘गियोम बॅलन्स’ स्पर्धेसाठी बनवल्या जाणाऱ्या उत्तमोत्तम घड्याळांत बसू लागले.

पण हे चाक महाग होते. म्हणून गियोम यांनी स्प्रिंगच बदलायचे ठरवले. लोखंड, ३६ टक्के निकेल आणि १२ टक्के क्रोमियम यांच्यापासून त्यांनी ‘एलिन्व्हार’ तयार केला. याची लवचीकता तापमानाने बदलत नाही. त्यामुळे साधे चाक असलेले स्वस्त घड्याळही वेळ बरोबर दाखवू लागले. फ्लरिएच्या घड्याळजीच्या मुलाने घरच्या व्यवसायाला केलेली ही परतफेड होती.

मग प्रमाण मीटर इन्व्हारचा का झाला नाही?

याचे उत्तरही गियोम यांनीच शोधले आणि ते त्यांच्याच धातूच्या विरोधात गेले. इन्व्हारची पट्टी तापमानाने वाढत नसली तरी काळाने वाढते. तयार झाल्यावर काही वर्षे ती अतिशय मंद गतीने, मीटरमागे काही मायक्रॉन लांबत राहते. त्यात असलेल्या थोड्याशा कार्बनशी याचा संबंध आहे. १०० अंशांपासून आठवडेच्या आठवडे हळूहळू थंड केल्यास ही वाढ बरीच आटोक्यात येते, पण पूर्ण थांबत नाही.

स्वस्त प्रमाण मीटरसाठी सुरू झालेला शोध त्या मूळ उद्देशात अशा रीतीने अपुरा पडला. गियोम यांनी ही बाब झाकली नाही. वर्षानुवर्षे त्याच पट्ट्या पुन्हा पुन्हा मोजून त्यांनी ती वाढ नोंदवली आणि प्रसिद्ध केली. रोजच्या मापांसाठी इन्व्हार वापरावा, पण त्याची पडताळणी मूळ मीटरशी करत राहावी, असाच त्याचा अर्थ होता. जगाचा मीटर प्लॅटिनम-इरिडियमचाच राहिला, तो १९६० मध्ये क्रिप्टॉनच्या प्रकाशलहरींवर आणि १९८३ मध्ये प्रकाशाच्या वेगावर आधारित व्याख्या येईपर्यंत.

नोबेलवरून चर्चा का झाली?

गियोम १९१५ मध्ये, पहिले महायुद्ध सुरू असताना, संस्थेचे संचालक झाले. करार करणारे देश एकमेकांशी लढत असताना सर्वांची सामाईक मापे सांभाळणे हे त्यांचे काम होते. युद्धानंतर १९२० चे नोबेल त्यांना जाहीर झाले. निकेल-पोलादातील अनियमितता शोधून अचूक मापनाची सेवा केल्याबद्दल हा पुरस्कार होता. अनेक भौतिकशास्त्रज्ञांना हे रुचले नाही. अणू आणि अवकाश-काळाच्या कल्पना बदलत असताना एका मिश्रधातूला पुरस्कार का, असा प्रश्न होता. तेव्हाच्या नोबेल समितीत प्रयोग आणि मापनाला महत्त्व देणाऱ्यांचे वजन होते, तर सापेक्षता सिद्धांताबद्दल साशंकता होती. १९२१ चे नोबेल राखून ठेवण्यात आले आणि ते १९२२ मध्ये आइन्स्टाइन यांना मिळाले, तेही सापेक्षतेसाठी नव्हे, तर प्रकाशविद्युत परिणामासाठी.

तरीही गियोम यांची निवड चुकीची होती, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. विजेच्या दिव्याचेच उदाहरण घ्या. काचेतून आत जाणारी तार काचेइतकीच प्रसरण पावली नाही, तर काच तडकते. त्यासाठी सुरुवातीला महागडे प्लॅटिनम वापरत. सुमारे ४६ टक्के निकेल असलेल्या मिश्रधातूचे प्रसरण प्लॅटिनमइतके असते, हे गियोम यांच्या अभ्यासातून कळले आणि दिवे स्वस्त होण्यास हातभार लागला. १९३६ मध्ये निवृत्त झाल्यावर संस्थेने त्यांना मानद संचालक केले. दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, सेव्र येथेच त्यांचे निधन झाले.

आज इन्व्हार कुठे वापरला जातो?

इन्व्हार हे नाव आजही नोंदणीकृत असून अँफीच्या कारखान्यात निकेलचे मिश्रधातू बनतात. या धातूवर काम करणे सोपे नाही. तो मऊ आणि चिवट असल्याने कापताना हत्याराला चिकटतो. उष्णता फारशी वाहून नेत नसल्याने हत्यार लवकर तापते. शिवाय निकेलमुळे तो साध्या पोलादापेक्षा बराच महाग पडतो. पण जेथे आकार टिकणे महत्त्वाचे, तेथे त्याला पर्याय थोडे आहेत. विमानांचे कार्बन फायबरचे भाग भाजताना लागणारे साचे, ओएलईडी पडद्यांवर रंगीत ठिपके उमटवणाऱ्या बारीक जाळ्या, प्रकाशीय उपकरणांच्या चौकटी या त्यांपैकी काही जागा. निकेल थोडे कमी करून कोबाल्ट घातलेला ‘सुपर इन्व्हार’ तर सामान्य तापमानाला त्याहूनही कमी प्रसरण पावतो.

सर्वात मोठा वापर मात्र समुद्रावर आहे. द्रवरूप नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांच्या आसपास ठेवावा लागतो. टाकी भरताना तिचे अस्तर जवळपास १८० अंशांनी थंड होते. साधा धातू इतका आकसतो की त्याच्या अस्तराला घड्या ठेवाव्या लागतात. काही जहाजांत त्याऐवजी जेमतेम ०.७ मिलिमीटर जाडीच्या इन्व्हारच्या सपाट पट्ट्या वेल्ड करून टाकी मढवली जाते. तीस मीटर लांबीची अशी पट्टी एवढ्या गारठ्यात सेंटिमीटरभरही आकसत नाही.